डावीकडे दोनशे पावलं

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'हनीफ पेंटर' असंच लिहिलंय, पण ब्रश हातात धरून मला आठ वर्षं झाली असतील. आता मी कॉम्प्युटरसमोर बसतो, लोकांचे फोटो कापतो, मागं निळं आकाश नाहीतर गुलाबाची फुलं घालतो आणि मंचरला छापायला पाठवतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली. तालुक्यात कोण मोठा झाला आणि कोण गेला, हे मला बाकीच्यांच्या आधी कळतं.

ज्या धंद्यावर पोट चालतं त्याला नावं ठेवू नयेत, असं माझी बायको बिबिजान म्हणते. मी ठेवतो. फ्लेक्सला मी रोज नावं ठेवतो आणि रोज छापतो. पण भिमाजीच्या घरात जे झालं त्यात फ्लेक्सचा दोष कमी आणि माझा जास्त आहे, म्हणून ते लिहून काढतोय.

भिमाजीचा बोर्ड मी ब्रशनं रंगवला होता. तीन बाय दोनचा पत्रा, पिवळा रंग, त्यावर तांबड्या अक्षरांत 'भिमाजी मासवडी', खाली बाण आणि 'डावीकडे दोनशे पावलं'. मी 'दोनशे मीटर' लिहिणार होतो.

"मीटर कोण मोजतंय राव," भिमाजी म्हणाला. "पावलं ल्ह्या. मी मोजल्यात."

खरंच मोजली होती, तीही दोनदा. डिंभ्याच्या अलीकडं, भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरून डावीकडं एक कच्ची वाट धरणाच्या पाण्याकडं उतरते. त्या उतारावर त्याचं घर. रस्त्यावरून कौलसुद्धा दिसत नाही. घरापुढच्या पडवीत दोन टेबलं, अंगणात सतरंजी, आणि आत चुलीपाशी त्याची बायको सरूबाई. शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळायचं आणि वड्या कापायच्या, हे तिच्याइतकं झरझर करणारी बाई मी पाहिली नाही. वर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. एकदा खाऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला चार जण घेऊन यायचा. पण पहिली खेप व्हायला बोर्ड लागायचा. तो पत्रा म्हणजे त्या घराचं तोंड होतं.

रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा जेसीबी आला आणि एका सकाळी रस्त्याकडेचे सगळे बोर्ड उपटले. पंक्चरवाल्याचा, रोपवाटिकेचा, भिमाजीचा. समोरच, रस्त्याच्या तेवढ्याच जवळ, कुणाच्यातरी वाढदिवसाचा बारा फुटी फ्लेक्स होता. त्याला कुणी बोट लावलं नाही. तो मीच छापला होता, म्हणून मला पक्कं आठवतं. भिमाजीनं आपला पत्रा खांद्यावर टाकला आणि घरी नेला.

"परवानगी काढा आन मग लावा, म्हणत्यात," दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन म्हणाला. "अर्ज लिहून द्या हनीफभाई. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी लिहून दिला. मला वाटलं, एक कागद, फार तर दोन. बांधकाम खात्याच्या ऑफिसात सावळेराम नावाचे क्लार्क होते. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यांनी अर्ज घेतला, भिमाजीला खुर्ची दिली आणि मग एकेक सांगायला लागले. ग्रामपंचायतीचा ठराव हवा. जागेचा नकाशा हवा. खांब वाऱ्यानं पडणार नाही असा इंजिनिअरचा दाखला हवा. आणि बोर्ड रस्त्याच्या मध्यापासून इतका लांब हवा की मोजून पाहिलं तर तो शेजारच्या कुशाबाच्या शेतात, करंजाच्या झाडांमागं जात होता. तिथून तो कुशाबाच्या बैलांनाच दिसला असता. शिवाय कुशाबाची लेखी संमती हवी होती, ती वेगळीच.

"आणि हे पावलं काय लिहिलंय?" सावळेराम म्हणाले. "पावलं हे माप होत नाही. मीटर लिहा."

भिमाजी आठ महिने खेटे घालत होता. डिंभ्याहून एसटी कधी यायची, कधी यायची नाही. आली नाही की तो मिळेल त्या टेम्पोच्या मागं उभा राहून यायचा. ठराव झाला, तर त्यावर शिक्का राहिला. शिक्का झाला, तर साहेब दौऱ्यावर. परत जाताना माझ्याकडं बसायचा, चहा घ्यायचा. एवढ्या साध्या पत्र्यासाठी हा माणूस इतका का झिजतोय ते मला कळत नव्हतं. एकदा विचारलं.

"हर्षालीला घरी आणायचीय," तो म्हणाला. हर्षाली त्याची एकुलती लेक. लग्नाला तीन वर्षं झाली होती. "जावई हात उचलतो. तिची आई म्हणती, आजच घेऊन या. पर आणून खायला काय घालू? खानावळ चालली तर तिच्या हाताला काम हाय. ती आल्यावर कुणी म्हणायला नगं, की बापाच्या जिवावर बसलीय म्हणून."

त्यानंतर मी त्याला एकही अर्ज पैसे घेऊन लिहिला नाही. पण माझ्या अक्षरानं काही हललं नाही.

मग तो दिवस आला. मी त्याच्यासोबत ऑफिसात होतो. सावळेराम कंटाळले होते, भिमाजीही कंटाळला होता. सावळेराम म्हणाले, "भाऊ, रस्त्याच्या हद्दीत काहीही रोवलेलं चालणार नाही. मी किती वेळा सांगू?"

"रोवलेलं न्हाई चालणार," भिमाजी म्हणाला. "मग धरलेलं चालंल का?"

सावळेराम हसले. "धरलेल्याला नियम नाही बाबा. धर की."

आम्ही सगळेच हसलो. टेबलापलीकडचा शिपाईसुद्धा हसला. भिमाजी मात्र हात जोडून उठला आणि ऑफिसातून बाहेर पडताना मला म्हणाला, "झालं काम."

मला वाटलं, गंमत करतोय. चार दिवसांनी डिंभ्याकडं जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर वळणावर भिमाजी उभा. डोक्याला टॉवेल, गळ्यात सुतळी आणि सुतळीला तोच पिवळा पत्रा, छातीवर. पत्र्याला वरच्या बाजूनं दोन भोकं पाडली होती. गाडी दिसली की तो हातानं वाट दाखवायचा. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत आलो.

"भिमाजी, हे काय काढलंय?"

"नियमात बसतंय. सावळेरामसाहेब सवता बोललेत. तुमी व्हतात की तितं." तो खुश होता. "रोवलेल्या बोर्डाला हात करता येत व्हता का? मी हात करतो. तीन दिवसांत दोनी टेबलं भरायला लागलीत."

ऑफिसातला माणूस बोलला म्हणजे ती परवानगीच, असं आमच्याकडचा माणूस धरून चालतो. आठ महिने 'नाही' ऐकलेल्या माणसानं एक 'हो' ऐकला होता. मी जाऊन सावळेरामांना सांगितलं, त्याला परत पाठवा.

"अहो, मी गमतीनं म्हणालो होतो," ते म्हणाले. ओशाळले होते. "पण आता कसं सांगू? रोवलेलं तर काही नाही ना."

मीही मग गप्प बसलो. त्याचं चालतंय तर चालू दे, असं मला वाटलं. मार्च गेला, एप्रिल गेला. अकरा ते तीन तो उभा राहायचा, कारण जेवणाचं गिऱ्हाईक तेव्हाच जातं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

त्या दिवशी दोन्ही टेबलं भरलेली होती आणि अंगणात सतरंजीवर आणखी सहा जण होते. हे मला सरूबाईनं सांगितलं. एक पाव्हणा हात धुता धुता म्हणाला, "मावशी, तुमचा बोर्डवाला माणूस खाली बसलाय बरं का. दमलाय बहुतेक." सरूबाई म्हणाली, "बसू द्या जरा." तव्यावर भाकरी होती, पानावर माणसं होती. तिनं आणखी चार भाकरी थापल्या. मग तांब्याभर पाणी घेऊन ती दोनशे पावलं चढून गेली. तो करंजाला टेकून बसला होता आणि पत्रा मांडीवर होता. सुतळी तिला सोडवता येईना, कारण गाठ त्यानं पक्की मारली होती.

संध्याकाळी गावातली पोरं माझ्या दुकानात आली. मोबाईलमध्ये भिमाजीचा फेटा बांधलेला फोटो होता, हर्षालीच्या लग्नातला. दहा बाय आठचा फ्लेक्स पाहिजे म्हणाली. मी रडत रडत केला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे गोल फोटो, ते घालावेच लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी बांबू रोवले, आणि कुठं रोवले? त्याच वळणावर, पत्रा होता त्याच जागी, उलट रस्त्याच्या दोन फूट जवळच. कुणाला अर्ज करावा लागला नाही, ठराव नाही, नकाशा नाही. खांब वाऱ्यानं पडेल का, असं कुणी विचारलं नाही. जिवंतपणी त्याला तीन बाय दोन मिळालं नाही आणि मेल्यावर दहा बाय आठ मिळालं. मला इतका संताप आला होता की तिथंच ते बांबू उपटून ऑफिसच्या दारात नेऊन टाकावेत असं वाटलं.

ते केलं नाही. केलं ते वेगळंच. फ्लेक्स छापायला देताना मी खाली एक ओळ घातली होती: 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ व भिमाजी मासवडी परिवार. भेटीसाठी निवासस्थान डावीकडे दोनशे पावलं.' आणि बाण. पोरांना सांगितलं, दुखवट्याला लांबून येणाऱ्यांची सोय. ते खरंही होतं. पण बाण काढताना माझ्या डोक्यात ऑफिस होतं, आणि मला बरं वाटलं होतं.

हर्षाली बापाच्या मातीला आली ती परत गेली नाही. तेरावा झाला, चूल पेटली आणि गिऱ्हाईक यायला लागलं. फ्लेक्सवरचं 'मासवडी' वाचून गाड्या वळत होत्या. मी सरूबाईला घेऊन ऑफिसात गेलो. म्हटलं, आता तरी बोर्ड तिच्या नावावर करून घेऊ.

सावळेरामांनी तिच्याकडं न बघताच फाईल काढली. "अर्जदार मयत झाल्यानं अर्ज निकाली काढलाय," ते म्हणाले. "तुमच्या नावानं नवा करावा लागेल, वहिनी. पहिल्यापासून."

"आन तो फ्लेक्स?" सरूबाईनं विचारलं. "तो काढणार का?"

"छे छे. शोकाचा आहे. त्याला कोण हात लावतंय?"

"त्याच्यावरचा फोटो काढला आन नुसतं नाव ठिवलं तर? नाव आन बाण?"

सावळेरामांनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप केलं. "मग ती जाहिरात होईल. मग काढावा लागेल."

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. "म्हंजी ते मेल्यात म्हणून चालतंय," ती म्हणाली. नवा अर्ज त्याच दिवशी दिला.

उन्हात फ्लेक्सचा तांबडा रंग आधी उडतो, चेहरा निळा पडतो. म्हणून मी दर दोन-तीन महिन्यांनी भिमाजी नवा छापून लावत होतो. मासिक स्मरण, त्रैमासिक स्मरण, सहामाही स्मरण. असलं कुणी करत नाही. गावातली पोरं हसायला लागली होती. श्रावणात भीमाशंकरची गर्दी लोटली तेव्हा अंगणात तीन सतरंज्या टाकाव्या लागल्या. हर्षालीचा चेहरा भरला. ती हसून वाढायची, कोणाला काय हवं ते लक्षात ठेवायची. जावई एकदा न्यायला आला होता, तर तिनं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं आणि एकट्याला परत पाठवलं. भिमाजीनं मनात धरलेलं सगळं होत होतं, फक्त तो नव्हता.

दिवाळीनंतर मी जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावर पुण्याकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "बाहेर फोटो आहे ते तुमचे मिस्टर का? काय झालं होतं?"

सरूबाई पळी हातात धरून उभी राहिली. "उन्हानं गेले."

"अरेरे. कधी?"

"सहा म्हैने झाले." मग तिनं सगळं सांगितलं, कुठं बसले होते, कसे बसले होते. टेबलावरचे सगळे जेवायचे थांबले. तिनं विचारलं, "रस्सा देऊ का अजून?"

ते गेल्यावर दुसरे आले. त्यांनीही विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. आतून हर्षाली म्हणाली, "आई, पुरं." पण विचारलेल्याला उत्तर तर द्यावं लागतं. दिवसातून पाच वेळा, सात वेळा ती विधवा होत होती.

मी हात धुवायला मागं गेलो तर ती तिथं भांडी विसळत होती. मला म्हणाली, "मी आता रस्त्यानं जातच न्हाई, हनीफभाई. दळण टाकायचं असलं तरी कुशाबाच्या बांधावरनं जाते, लांबनं."

"का?"

"तुमी त्यांला परत तितंच उभं केलंत. उन्हात." तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. "मेल्यावर तरी सावलीला बसू द्यायचं व्हतं."

फ्लेक्स बघून मला रोज एक प्रकारचं समाधान मिळत होतं, ऑफिसाला फसवल्याचं. तिला त्यात काय दिसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "काढू का मग? उद्याच काढतो," मी म्हटलं.

तिनं पडवीकडं पाहिलं. हर्षाली एका म्हाताऱ्याला भाकरी कुस्करून देत होती. "नगा काढू," सरूबाई म्हणाली आणि भांड्यांकडं वळली.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर आठच दिवसांत सावळेराम दोन माणसं घेऊन वळणावर आले. मला निरोप पाठवला होता म्हणून मीही गेलो. "वर्षाच्या आत होता तोवर मी डोळेझाक केली," ते म्हणाले. "आता तक्रार आलीय. वर्ष झाल्यावर तो शोक राहत नाही." फ्लेक्स त्यांनी माणसांना ओढू दिला नाही. स्वतः दोऱ्या कापल्या, चेहऱ्याला घडी पडू नये असा गुंडाळला आणि दोनशे पावलं चालून सरूबाईच्या हातात नेऊन दिला. तिनं त्यांना जेवून जा म्हटलं, पण ते पाणी पिऊन निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली.

त्या श्रावणात सगळी गर्दी वळणावरून सरळ निघून गेली. तीनच्या दोन सतरंज्या झाल्या, दोनची एक झाली, मग तीही गुंडाळून ठेवली. जुनी गिऱ्हाइकं यायची, पण तेवढ्यावर दोन बायकांचं भागत नव्हतं. नव्या अर्जावर नवा क्लार्क मला म्हणाला, इंजिनिअरचा दाखला जुना झालाय, ताजा आणा. हर्षालीच्या सासरचे पुन्हा यायला लागले. आता ते मोठ्यानं बोलायचे, गावाला ऐकू जाईल असं: किती दिवस माहेरी बसणार, आणि इथं खाणार तरी काय?

मार्चमध्ये मी स्कूटरवरून डिंभ्याला चाललो होतो. वळणावर हर्षाली उभी होती. डोक्यावरून ओढणी, गळ्यात सुतळी आणि छातीवर तो पत्रा.

मी स्कूटर आडवी घातली. "हर्षाली, घरी जा. आत्ताच्या आत्ता."

"चाचा, धरलेल्याला नियम न्हाई," ती म्हणाली. हसत नव्हती. "आमचे तात्या म्हणायचे."

मी ओरडलो, हात जोडले, पत्रा ओढायला गेलो. ती हलली नाही. एक गाडी आली तेव्हा तिनं हात केला आणि गाडी वळली. मग मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो?

पंधरा दिवसांनी सरूबाई माझ्या दुकानात आली. एकटीच. लेकीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती, केस चापूनचोपून बसवले होते. मी चहा सांगितला.

"फोटो काढायचाय," ती म्हणाली.

"आधारला का?"

"न्हाई. फ्लेक्सला."

मला आधी कळलंच नाही. तिनं सावकाश समजावून सांगितलं, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं. श्रद्धांजलीला कुणी हात लावत नाही. वर्षभर तरी नाही. ऑफिसातला नवा माणूस तिला ओळखत नाही. ती चुलीपुढून उठतच नाही, त्यामुळं गिऱ्हाइकाला काय कळणार? गावाला ती स्वतः सांगणार होती. "माझी बहीण साळुबाई येडगावला असती. तिला आदी फोन करून ठिवते. न्हाईतर ती रडत यायची."

"वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? जित्या माणसाची श्रद्धांजली मी छापणार न्हाई. मे म्हैन्यात भिमाजीचं दुसरं पुण्यस्मरण हाय, तेव्हा लावू की त्याचाच."

"त्यांला मी आता उन्हात उभं करणार न्हाई," ती म्हणाली. "आन मे म्हैन्यापतूर पोरगी ऱ्हाईल का?"

मी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"परवा हर्षाली खाली बसली व्हती, हनीफभाई. एक पोरगा सांगत आला. मी तवा तसाच टाकला आन पळाले. भाकरी जळाली. ह्या टायमाला थापत न्हाई बसले." तिचा आवाज तिथं पहिल्यांदा फाटला. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "जिती हाय म्हणून काय मिळालं मला? पावणेदोन वर्सं झाली अर्जाला. जित्या बाईच्या नावानं येक बाण लावू देत न्हाईत. मेलीच्या नावानं देतील. तेवढ्यानं पोरीच्या गळ्यातली सुतळी निघती, तर मला काय जड हाय? तुमी न्हाई केलं तर मी मंचरला जाईन."

ती गेली असती. मी ओळखतो तिला. दरवाजा ढकलून घेतला, पांढरा पडदा ओढला, स्टूल मांडलं. ती म्हणाली, आधी लिहा, बघू दे. मी कॉम्प्युटरवर टाईप केलं: 'कै. गं. भा. सरूबाई.' आयुष्यात मी हजारो नावांआधी ते 'कै.' लावलंय. ती खुर्चीच्या मागं उभी राहून अक्षर अक्षर लावून वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मान हलवली, चालंल म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली. हात मांडीवर, मान ताठ, नजर समोर, सरकारी फोटोला बसतात तशी. मी बटण दाबलं आणि कॉम्प्युटरवर तिला दाखवलं. तिनं जवळ येऊन नीट बघितलं.

"हा नगं," ती म्हणाली. "हसरा काढा. लोकं जेवायला येत्यात."

मी पुन्हा कॅमेरा उचलला. तिनं पदर सारखा केला आणि ती हसली.